ताटातुटीची जखम ओळखणाऱ्या अ‍ॅना फ्रॉइड

विशेष प्रतिनिधी

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना लहान मुलांचे प्राण वाचवण्यासाठी त्यांना आईवडिलांपासून दूर पाठवण्यात आले. प्राण वाचले, पण मनाचे काय, हा प्रश्न त्या वेळी फार थोड्यांना पडला. ज्यांना पडला त्यांत सिग्मंड फ्रॉइड यांच्या धाकट्या कन्या अ‍ॅना फ्रॉइड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आपत्तीत सापडलेल्या मुलाला सावरायचे तर त्याच्या कुटुंबाला सोबत घेतले पाहिजे, हा आज सर्वमान्य झालेला विचार त्यांच्या शिशुगृहांत रोजच्या अनुभवातून आकाराला आला. त्यांच्या जीवनकार्याचा हा परिचय.

सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या दोन-तीन दिवसांत लंडनच्या रेल्वे स्थानकांवर मुलांच्या रांगा लागल्या होत्या. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा डबा आणि हातात कपड्यांची लहानशी पिशवी, अशा अवस्थेत ही मुले अनोळखी गावांकडे, अनोळखी घरांकडे निघाली होती. ब्रिटिश सरकारच्या योजनेनुसार अवघ्या काही दिवसांत मोठ्या शहरांतून सुमारे १५ लाख लोक हलवण्यात आले. त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुले होती. योजना आखणाऱ्यांनी गाड्या, जेवण आणि निवारा यांचा चोख हिशेब केला होता. आईचा हात सुटलेले मूल रात्री काय करील, याचा हिशेब मात्र कोणाकडेच नव्हता.

थोड्याच महिन्यांत अनेक मुले परत आली. काहींना आयाच घेऊन आल्या. अंथरूण ओले करणारी, रात्री किंचाळून उठणारी, कोणाशीही न बोलणारी मुले सांभाळणे यजमान घरांना जड जाऊ लागले आणि तीही परतली. त्यानंतर सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर खरोखरच बॉम्ब कोसळू लागले. घरे जमीनदोस्त झाली, कुटुंबे भुयारी रेल्वेच्या फलाटांवर रात्री काढू लागली. याच काळात, स्वतः निर्वासित म्हणून लंडनला आलेल्या एका ४५ वर्षांच्या स्त्रीने हॅम्पस्टेड भागातील वेडरबर्न रोडवर, १३ क्रमांकाच्या घरात मुलांसाठी एक विसावा केंद्र उघडले. त्या स्त्रीचे नाव अ‍ॅना फ्रॉइड.

धाकटी कन्या

अ‍ॅनाचा जन्म ३ डिसेंबर १८९५ रोजी व्हिएन्ना येथे झाला. सिग्मंड आणि मार्था फ्रॉइड यांच्या सहा अपत्यांतील ती सर्वांत धाकटी. तिच्या जन्मापर्यंत आई थकून गेली होती. त्यामुळे तान्ह्या अ‍ॅनाचा सांभाळ प्रामुख्याने योझेफिनं या दाईने केला. मोठी भावंडे आपल्याला त्यांच्यात घेत नाहीत, ही सल तिच्या बालमनात राहिली. थोरली बहीण सोफी देखणी म्हणून घरात लाडकी होती, तर अ‍ॅना हुशार पण काहीशी हट्टी समजली जाई. आईशी तिचे सूर कधी फारसे जुळले नाहीत. वडिलांशी मात्र ते असे जुळले की पुढचे सारे आयुष्य त्याच धाग्यात गुंफले गेले.

१९१२ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण केल्यावर ती विद्यापीठात गेली नाही. ज्या शाळेत शिकली तेथेच तिने आधी उमेदवार आणि नंतर पूर्णवेळ शिक्षिका म्हणून काम केले. पहिल्या महायुद्धाची ती वर्षे होती. व्हिएन्नात अन्नाची आणि इंधनाची टंचाई होती, वर्गात उपाशी मुले बसत. विद्यार्थ्यांना ती फार आवडे, असे तिच्याविषयी नोंदवले गेले आहे. क्षयाच्या विकाराने प्रकृती खालावल्याने १९२० मध्ये तिला अध्यापन सोडावे लागले. मुलाकडे पाहण्याची शिक्षकाची दृष्टी मात्र तिने अखेरपर्यंत सोडली नाही.

त्याच वर्षी सोफी हॅम्बुर्ग येथे इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरण पावली. तिची दोन लहान मुले आईविना उरली. धाकटा भाचा १९२३ मध्ये क्षयाने गेला. थोरला एर्न्स्ट पुढे व्हिएन्नात मावशीच्या सहवासात वाढला आणि मोठेपणी स्वतःही मनोविश्लेषक झाला. आई गमावलेल्या मुलाला सांभाळणे म्हणजे काय, याचा अ‍ॅनाचा पहिला अनुभव असा घरातच होता.

विद्यापीठाच्या पदवीविना

वडिलांच्या अभ्यासिकेत बुधवारी भरणाऱ्या बैठकांना शिडीवर बसून हजर राहणाऱ्या या मुलीने १९२२ मध्ये व्हिएन्ना मनोविश्लेषण संस्थेपुढे निबंध वाचून सदस्यत्व मिळवले. तिच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. तिचे मनोविश्लेषण तिच्या वडिलांनीच केले होते. त्या काळी नियम तितके कडक झाले नव्हते, तरी ही गोष्ट शास्त्राच्या शिस्तीला धरून नव्हती आणि पुढे तिच्यावर त्याबद्दल टीकाही झाली. १९२३ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांना जबड्याचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. तेव्हापासून १६ वर्षे त्यांची शुश्रूषा अ‍ॅना यांनीच केली. त्यांच्या वतीने परिषदांत निबंध वाचणे, पत्रव्यवहार पाहणे, जबड्यात बसवलेला कृत्रिम भाग रोज काढणे-घालणे, ही सारी कामे त्यांच्याकडे होती.

या जबाबदारीतूनही त्यांनी आपला स्वतंत्र मार्ग काढला. युद्धानंतर निराधार झालेल्या ज्यू मुलांसाठी झीगफ्रीड बर्नफेल्ड यांनी व्हिएन्नात चालवलेले बालगृह त्यांना जवळून माहीत होते. आउगुस्ट आइशहॉर्न हे वाट चुकलेल्या मुलांसाठी काम करणारे कार्यकर्ते त्यांना घेऊन शहराच्या दूरदूरच्या वस्त्यांतील कल्याणकेंद्रे दाखवत हिंडले. मनोविश्लेषण म्हणजे सुखवस्तू रुग्ण, मऊ कोच आणि बंद खोली, असा समज असलेल्या काळात अ‍ॅना यांचे लक्ष गरीब वस्तीतल्या मुलाकडे वळले ते असे.

१९२५ मध्ये डोरोथी बर्लिंगहॅम ही अमेरिकन स्त्री आपल्या चार मुलांसह व्हिएन्नाला आली. काचकामासाठी विख्यात असलेल्या लुई कम्फर्ट टिफनी यांची ती कन्या. मुलांच्या उपचारांच्या निमित्ताने झालेली ओळख आयुष्यभराच्या सहजीवनात परिणत झाली. दोघींनी मैत्रीण एव्हा रोझेनफेल्ड हिच्यासोबत एक छोटी शाळा काढली. पुढे जगप्रसिद्ध झालेले एरिक एरिक्सन हे तिथे शिक्षक होते. १९३६ मध्ये अहंच्या संरक्षक यंत्रणांवरील अ‍ॅना यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वडिलांच्या ८० व्या वाढदिवसाची ती भेट होती. असह्य वेदनेपासून स्वतःला वाचवण्यासाठी मन कोणकोणत्या युक्त्या योजते, याची त्यात केलेली मांडणी आजही अभ्यासली जाते.

१९३७ च्या आरंभी एडिथ जॅक्सन या अमेरिकन डॉक्टर महिलेच्या देणगीतून व्हिएन्नातील अगदी गरीब कुटुंबांच्या दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी एक दिवसाचे पाळणाघर सुरू झाले. मुले सकाळी येत, त्यांना आंघोळ घातली जाई, स्वच्छ कपडे दिले जात आणि दिवसभर त्यांचे निरीक्षण चाले. दीड वर्षाच्या मुलापुढे निरनिराळे पदार्थ मांडून त्याला हवे ते हवे तितके खाऊ द्यायचे, असा एक प्रयोग तिथे होता. पालक बहुतेक बेकार होते. त्यांच्याशी बोलणे, त्यांच्या अडचणी समजून घेणे, हा कामाचाच भाग होता. हे पाळणाघर जेमतेम एक वर्ष चालले.

देशोधडी

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रियात प्रवेश केला. ज्यूंची घरे, दुकाने, संस्था यांवर धाडी पडू लागल्या. पाळणाघर बंद झाले. २२ मार्च रोजी गेस्टापोने अ‍ॅना यांना चौकशीसाठी हॉटेल मेट्रोपोल येथील आपल्या मुख्यालयात नेले. छळ होण्याची वेळ आलीच तर घेण्यासाठी फॅमिली डॉक्टर मॅक्स शूर यांच्याकडून मिळवलेले विष त्यांनी जवळ बाळगले होते. इकडे ८१ वर्षांचे आजारी वडील घरात येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी अ‍ॅना सुखरूप परतल्या. त्या दिवसानंतर सिग्मंड फ्रॉइड यांचा देश न सोडण्याचा आग्रह मावळला.

अर्नेस्ट जोन्स, मारी बोनापार्ट आदी सुहृदांच्या खटपटीने जूनमध्ये फ्रॉइड कुटुंब लंडनला पोहोचले. सिग्मंड यांच्या चार वृद्ध बहिणी मात्र व्हिएन्नातच राहिल्या. त्या चौघींचाही पुढे नाझींच्या छावण्यांत अंत झाला. अ‍ॅना यांना ही बातमी युद्ध संपल्यावर कळली. २३ सप्टेंबर १९३९ रोजी लंडनमध्ये सिग्मंड फ्रॉइड यांचे निधन झाले. अ‍ॅना यांच्या आयुष्याचा केंद्रबिंदू नाहीसा झाला. आयुष्याच्या या टप्प्यावर दुःख कवटाळून बसण्यासारखी परिस्थिती होती. त्यांनी कामाला हात घातला.

वेडरबर्न रोडवरचे घर

विसावा केंद्र जानेवारी १९४१ मध्ये सुरू झाले. युद्धग्रस्त मुलांसाठी मदत उभारणाऱ्या एका अमेरिकन पालकत्व योजनेने त्याचा खर्च उचलला. त्याच वर्षी उन्हाळ्यात नेदरहॉल गार्डन्स येथे तान्ह्या मुलांसाठी दुसरे घर आणि एसेक्स परगण्यात लिंडसेल या खेड्याजवळ मोठ्या मुलांसाठी तिसरे घर सुरू झाले. तिन्ही मिळून एका वेळी सुमारे ८० मुले राहत. हॅम्पस्टेड युद्ध शिशुगृहे या नावाने हे काम ओळखले जाऊ लागले.

इथे येणारी मुले होती ती घर गमावलेल्या कुटुंबांतली, वडील सैन्यात आणि आई युद्धसाहित्याच्या कारखान्यात असलेली, किंवा स्थलांतरित घरांनी परत पाठवलेली. काम करणाऱ्या तरुण मुलींपैकी बऱ्याच जणी स्वतः जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेल्या निर्वासित होत्या. त्यांना कामाबरोबरच प्रशिक्षण दिले जाई. मुलांविषयी जे दिसेल ते प्रत्येकाने कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवायचे, असा शिरस्ता होता. हा नियम परिचारिकांपुरता नव्हता. बॉयलर पेटवणे, दुरुस्त्या करणे आणि रात्री आगीवर पहारा ठेवणे ही कामे करणारे जेम्स रॉबर्टसन हेही अशा चिठ्ठ्या लिहीत. या चिठ्ठ्यांवरून अ‍ॅना आणि डोरोथी दरमहा अहवाल तयार करून अमेरिकेला पाठवत.

अहवालांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येऊ लागली. आई शांतपणे शेजारी असेल तर लहान मूल बॉम्बच्या आवाजातही झोपी जाते. आई भेदरलेली असेल तर तिची भीती मुलात उतरते. मात्र सुरक्षित खेड्यात, पोटभर जेवणाऱ्या आणि स्वच्छ गादीवर झोपणाऱ्या मुलाला आईची अचानक झालेली ताटातूट बॉम्बपेक्षाही अधिक मोडून टाकते. बॉम्बने काहीच इजा होत नाही, असे अ‍ॅना यांचे म्हणणे नव्हते. संकट जोवर कुटुंबासह सोसले जाते तोवर मूल बरेच काही सोसते, हा त्यांचा निष्कर्ष होता. प्राण की मन, अशी निवड करण्याची वेळ आलेल्या आईबापांसाठी आणि सरकारसाठी हा निष्कर्ष सोपा नव्हता. मुलांना बॉम्बखाली ठेवा, असे त्या सांगू शकत नव्हत्या आणि सांगतही नव्हत्या. दूर न्यायचेच असेल तर टप्प्याटप्प्याने न्या, आईला सोबत येऊ द्या, नाते तुटू देऊ नका, असा त्यांचा आग्रह होता.

एका तीन वर्षांच्या मुलाची हकीकत त्यांच्या नोंदींत आहे. रडलास तर आई भेटायला येणार नाही, असे त्याला बजावलेले होते. तो रडला नाही. आई येईल, आपल्याला ओव्हरकोट घालील आणि घरी नेईल, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला. दिवस गेले तशी त्या वाक्याला कोटाची चेन, टोपी अशी एकेक वस्तू चिकटत गेली. सारखे तेच बोलू नकोस, असे कोणी तरी त्याला म्हटले. तेव्हा तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि शब्द न काढता केवळ हातांनी कोट चढवण्याचे, टोपी घालण्याचे हावभाव करू लागला. इतर मुले खेळत होती आणि हा ओठ हलवत उभा होता. शहाण्यासारखे वागणारे मूल म्हणजे सावरलेले मूल नव्हे, हे या प्रसंगाने संस्थेतील प्रत्येकाला शिकवले.

दुसरा एक चार वर्षांचा मुलगा होता. त्याचे वडील हवाई हल्ल्यात मारले गेले होते. तो कागदाची घरे करी, त्यांवर गोट्यांचे बॉम्ब टाकी आणि प्रत्येक वेळी घरातली सगळी माणसे वाचत. हा खेळ कितीतरी दिवस चालला. कोणी तो थांबवला नाही. वडील गेले हे तो बोलू शकला तेव्हा खेळ आपोआप सुटला. मोठ्यांना जे शब्दांत मांडता येते ते मूल खेळात मांडते आणि ते मांडू देणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो, हे आज बालमानसोपचाराचे प्राथमिक सूत्र आहे. त्या काळी अशा खेळाला अनेक जण निव्वळ वेड समजत.

कुटुंबे जोडताना

ताटातूट घातक असेल तर संस्थेने काय करायचे? अ‍ॅना यांनी पहिले पाऊल उचलले ते दाराच्या बाबतीत. त्या काळच्या संस्थांत भेटीचे दिवस आणि तास ठरलेले असत. वेडरबर्न रोडवर आईवडिलांना दिवसा-रात्री केव्हाही येण्याची मुभा होती. कारखान्यातून सुटलेली आई रात्री उशिरा येऊन मुलाला झोपवून जाई. अंगावर पिणाऱ्या मुलांच्या आयांना राहू दिले जाई. काही आयांना स्वयंपाक, धुणे अशी घरातली कामे पगारावर दिली गेली, म्हणजे मूलही जवळ राहील आणि चरितार्थही चालेल. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवले जाई.

दुसरे पाऊल अधिक अवघड होते. आरंभी कामांची वाटणी सोयीनुसार होती. एक परिचारिका आंघोळ घाली, दुसरी भरवी, तिसरी झोपवी. मुले शांत होती, पण त्यांचे बोलणे मागे पडत होते आणि स्वच्छतेच्या सवयी लागत नव्हत्या. तेव्हा चार-पाच मुलांमागे एक परिचारिका अशी छोटी कृत्रिम कुटुंबे करण्यात आली. कोणते मूल कोणाकडे ओढले जाते, हे पाहूनच ही विभागणी झाली. परिणाम पहिल्या काही दिवसांत उलटाच दिसला. शांत घरात रडारड, हट्ट आणि मत्सर यांचा उद्रेक झाला. मुले आपापल्या ताईला सोडीनात आणि इतरांना तिच्याजवळ फिरकू देईनात. नाते आले की नाते तुटण्याची भीतीही येते, हे अ‍ॅना जाणून होत्या. त्या बधल्या नाहीत. काही आठवड्यांत वादळ शमले आणि मुलांची वाढ झपाट्याने होऊ लागली.

या अनुभवांवर आधारित दोन पुस्तके १९४३ आणि १९४४ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. दुसऱ्या पुस्तकाने संस्थेतील जीवनाचा प्रामाणिक ताळेबंद मांडला. अन्न, आरोग्य, खेळ यांबाबत चांगली संस्था गरीब घराला मागे टाकू शकते, पण वाणी, सवयी आणि मायेची देवाणघेवाण यांबाबत सामान्य घरही संस्थेपेक्षा सरस ठरते, असे त्यात दाखवले होते. स्वतः चालवलेल्या संस्थेच्या मर्यादा इतक्या स्पष्टपणे सांगणारे संस्थाचालक विरळाच.

टेरेझिनची सहा मुले

युद्ध संपले आणि शिशुगृहे बंद झाली. पण त्याच वर्षी एक नवे आव्हान समोर उभे राहिले. चेकोस्लोव्हाकियातील टेरेझिनच्या छळछावणीतून सुटलेली काही मुले ऑगस्ट १९४५ मध्ये विमानाने इंग्लंडला आणली गेली. त्यांत सहा मुले अवघी तीन ते चार वर्षांची होती. त्यांचे आईवडील छावण्यांत मारले गेले होते. एक वर्षाची होण्याआधीच ही मुले छावणीत आली होती. त्यांना आई, घर, रस्ता, दुकान, पाळीव जनावर यांपैकी काहीही ठाऊक नव्हते. सिग्मंड फ्रॉइड यांच्या चार बहिणींपैकी एकीचा अंतही याच टेरेझिनमध्ये झाला होता.

ऑक्टोबर १९४५ मध्ये ससेक्स परगण्यातील वेस्ट होथली गावी बुलडॉग्ज बँक नावाच्या घरात या मुलांना ठेवण्यात आले. शिशुगृहांत काम केलेल्या सोफी आणि गेरट्रूड डान या भगिनींनी त्यांचा सांभाळ केला. सुरुवातीला मुलांनी खेळणी मोडली, फर्निचरची नासधूस केली, मोठ्यांना मारले, चावे घेतले आणि जर्मन शिव्या दिल्या. कुत्रा दिसला की ती भीतीने गोठून जात. एकमेकांच्या बाबतीत मात्र त्यांचे वागणे थक्क करणारे होते. एकाला क्षणभर जरी बाजूला नेले तरी बाकीची बेचैन होत. फिरायला गेल्यावर कोणी मागे राहिले तर सारी थांबत. खाऊ मिळाला की आधी शेजाऱ्याला मिळाला का, हे पाहत. भावंडांत हमखास दिसणारा हेवा त्यांच्यात जवळजवळ नव्हताच. जिथे एकही मोठे माणूस कायमचे टिकले नाही, तिथे त्यांनी एकमेकांनाच आईबाप केले होते.

डान भगिनींनी त्यांना अलग करण्याची घाई केली नाही. मुलांचा गट हाच त्यांचा आधार आहे, हे मान्य करून हळूहळू मोठ्यांविषयी विश्वास निर्माण केला. वर्षभरात मुले नवी भाषा शिकली, माणसांना बिलगू लागली. सोफी डान यांच्या साहाय्याने अ‍ॅना यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला या मुलांवरील निबंध बालमानसशास्त्रात मैलाचा दगड ठरला. मुले अतिशय हळवी, अस्वस्थ आणि सांभाळायला अवघड होती, पण ती ना गुन्हेगार झाली होती ना वेडी, हे त्यात नोंदवले होते. आरंभीच्या आघाताने आयुष्य कायमचे उद्ध्वस्त होतेच असे नाही, या आशेला मिळालेला तो एक आधार होता.

हॅम्पस्टेडचे चिकित्सालय

शिशुगृहांत शिकलेल्या तरुणींचे पुढे काय, या प्रश्नातून १९४७ मध्ये बालमानसोपचाराचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५२ मध्ये त्याला जोडून हॅम्पस्टेड चिकित्सालय उभे राहिले. वैद्यकीय पदवी नसलेल्या शिक्षिका, परिचारिका, समाजसेविका यांना इथे रीतसर प्रशिक्षण मिळाले. उपचार हे त्याचे एक अंग होते. निरोगी बाळांच्या आयांसाठी सल्ला केंद्र, अडचणीतल्या कुटुंबांच्या मुलांसाठी बालवाडी, अंध मुलांसाठी वेगळी बालवाडी असे उपक्रम त्याभोवती जमत गेले. आजारी मूल तपासण्याआधी निरोगी मूल कसे वाढते हे ठाऊक हवे, यावर अ‍ॅना यांचा भर होता. परावलंबनाकडून स्वावलंबनाकडे, खेळाकडून कामाकडे अशा वाढीच्या वाटा त्यांनी १९६५ च्या ग्रंथात मांडल्या.

बॉयलरवाले जेम्स रॉबर्टसन यांचेही पुढे नाव झाले. ते समाजसेवेचे शिक्षण घेऊन जॉन बोल्बी यांच्यासोबत काम करू लागले. ब्रिटिश रुग्णालयांत त्या काळी आजारी मुलाला आईवडिलांनी भेटण्यावर कडक बंधने होती. कित्येक ठिकाणी आठवड्यातून एखादाच दिवस मिळे. मुलाच्या खाटेशेजारी आई बसलेली पाहण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना हे विचित्र वाटेल. रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील वास्तव्यावर चित्रपट केला. त्यावर डॉक्टरांत मोठा वाद झाला, पण १९५९ मध्ये सरकारनियुक्त प्लॅट समितीने भेटींवरील बंधने उठवण्याची शिफारस केली. वेडरबर्न रोडवरच्या उघड्या दाराचा हा दूरवर पोहोचलेला परिणाम म्हणावा लागेल.

वाद आणि मर्यादा

अ‍ॅना यांचे जीवन वादांपासून मुक्त नव्हते. मेलनी क्लाइन यांच्याशी त्यांचे मतभेद १९२७ पासूनचे. लहान मुलाच्या खेळाचा अर्थ थेट सांगावा की आधी त्याचा विश्वास मिळवावा, हा त्यातील एक कळीचा प्रश्न होता. १९४१ ते १९४५ या काळात ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेत या वादाने इतके टोक गाठले की अखेरीस प्रशिक्षणाच्या वेगवेगळ्या वाटा मान्य कराव्या लागल्या. बोल्बी यांच्या सिद्धांताला अ‍ॅना यांच्या शिशुगृहांतील निरीक्षणांचा मोठा आधार होता, तरी १९६० मध्ये त्यांनी बोल्बी यांच्यावर टीका केली. वडिलांच्या विचारांच्या त्या इतक्या कडव्या राखणदार होत्या की त्या चौकटीबाहेरची मांडणी स्वीकारणे त्यांना जड जाई.

१९७३ मध्ये येल विद्यापीठातील जोसेफ गोल्डस्टाइन आणि अल्बर्ट सोल्निट यांच्यासह त्यांनी मुलाच्या ताब्याविषयीच्या कायद्यावर पुस्तक लिहिले. रक्ताच्या नात्यापेक्षा रोज सांभाळणारे माणूस हेच मुलाचे खरे पालक असते आणि मुलाची काळाची जाणीव मोठ्यांपेक्षा वेगळी असल्याने न्यायालयांनी विलंब करू नये, हे विचार त्याने जगभर पोहोचवले. मात्र ताबा असलेल्या पालकानेच दुसऱ्याच्या भेटी ठरवाव्यात, ही त्यातील सूचना अनेकांना एकांगी वाटली. आयांसाठी दार सताड उघडे ठेवणाऱ्या स्त्रीकडून ही सूचना यावी, हे आश्चर्यच होते. तंटणाऱ्या आईबापांत मुलाची ओढाताण होऊ नये, ही त्यामागची तळमळ होती. तरीही टीका निराधार नव्हती.

अखेरचे दिवस

मानसन्मान उशिरा, पण भरभरून आले. १९६७ मध्ये ब्रिटनने त्यांना सीबीई किताब दिला. १९७१ मध्ये परिषदेच्या निमित्ताने त्या व्हिएन्नाला परत गेल्या आणि पुढच्याच वर्षी तेथील विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्राची मानद पदवी दिली. ज्या शहराने हाकलून लावले त्याच शहराने, जी पदवी कधी घेतली नव्हती ती पदवी दिली. १९७९ मध्ये डोरोथी बर्लिंगहॅम गेल्या. हातमाग आणि विणकाम यांची आवड असलेल्या अ‍ॅना शेवटपर्यंत विणत राहिल्या. मार्च १९८२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर चाकाच्या खुर्चीतून फिरायला जाताना त्या वडिलांचा जुना लोकरी कोट अंगावर घेत. ९ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मॅरेसफिल्ड गार्डन्सवरील त्यांचे घर १९८६ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले. त्यांनी स्थापन केलेली संस्था त्यांच्याच नावाने लंडनमध्ये मुलांच्या आणि कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करत आहे.

युद्ध, भूकंप, पूर, दंगल यांनंतर आज मदत पथके निघतात तेव्हा अन्न, औषधे आणि तंबू यांच्या यादीत मुलांसाठी खेळण्याची जागा असते. हरवलेल्या मुलांना नातलगांपर्यंत पोहोचवणे हे तातडीचे काम मानले जाते. मुलांवर उपचार करताना आईवडिलांनाही धीर दिला जातो. हे सारे एकट्या अ‍ॅना फ्रॉइड यांचे श्रेय नाही. पण मुलाला वाचवणे आणि मुलाचे माणूस त्याच्यापासून हिरावून घेणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, हे बॉम्ब पडत असताना ओळखून त्यानुसार आपल्या घराचे दार उघडे ठेवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. अनाथालये, वसतिगृहे, रुग्णालये आणि छावण्या चालवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या दाराकडे एकदा त्या दृष्टीने पाहावे, एवढे महत्त्व त्यांच्या कार्याला आजही आहे.